रायफलच्या काडतुसात बुलेट दर वेळी त्याच खोलीवर कशी बसवायची

रीलोडिंग, म्हणजे झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा भरून काडतूस बनवणं, नव्याने सुरू केलेल्या बऱ्याच जणांचं एकसारखंच होतं. साधी सीटिंग डाय, म्हणजे पुंगळीत बुलेट दाबून बसवणारा साचा, घेतात, तयार काडतुसांची लांबी मोजतात, आकडे मागेपुढे दिसतात. दोष डायचा असं समजून मायक्रोमीटरवाली महागडी डाय आणतात, तरी आकडे मागेपुढेच. मग प्रत्येक काडतूस बसवल्यावर मोजायचं, डायचा खोली ठरवणारा स्क्रू एक रेघ खाली घ्यायचा, पुन्हा प्रेसचा दांडा ओढायचा, असा खेळ सुरू होतो आणि एका डब्याला अख्खी दुपार जाते.

नीट घट्ट केलेली डाय सहसा जागची हलत नाही. बदलतं ते बाकीचं: तुम्ही मोजता ती जागा, पुंगळीच्या मानेची पकड, बुलेटचा आकार आणि दांड्यावरचा हात. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी या चौघांची झडती घ्यायची.

आधी थोडी शिस्त

रीलोडिंगला परवानगी लागते का, पावडर आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) किती आणि कसे ठेवता येतात, हे प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार वेगळं आहे. ते पाहिल्याशिवाय सामान घेऊ नका. पावडरचं माप या लेखात कुठेही दिलेलं नाही. ते बुलेट किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या लोड-पुस्तिकेतूनच घ्यायचं आणि तिथल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची.

खोलीचा दाबाशी थेट संबंध आहे. बुलेट जास्त आत गेली की पुंगळीतली मोकळी जागा कमी होते आणि दाब वाढतो. उलट ती इतकी बाहेर ठेवली की नळीतल्या रायफलिंगला, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, टेकून बसली, तर सुटतानाच अडते आणि तेव्हाही दाब वाढतो. म्हणून खोली मुद्दाम बदलायची असेल तर पावडर पुन्हा खालच्या मापावर आणा आणि तिथून टप्प्याटप्प्याने वर जा.

डाय लावण्याचं सगळं काम डमी काडतुसावर करायचं: पुंगळी आणि बुलेट, बस्स. प्रायमर नाही, पावडर नाही. डमीला बाजूने एक आरपार भोक पाडून ठेवा, म्हणजे खऱ्या काडतुसांत मिसळली तरी लगेच ओळखू येईल.

टोकावरून मोजलेला आकडा फसवतो

लोड-पुस्तिकेत काडतुसाची एकूण लांबी दिलेली असते, पुंगळीच्या बुडापासून बुलेटच्या टोकापर्यंत. अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेच्या नियमानुसार ३०८ विंचेस्टरसाठी ही कमाल लांबी २.८१० इंच, म्हणजे ७१.३७ मिमी आहे. २२३ रेमिंग्टनसाठी २.२६० इंच, ५७.४० मिमी. काडतूस मॅगझिनमध्ये मावावं आणि मानक रायफलींमध्ये चालावं, यासाठी तो आकडा. सीटिंग एकसारखं झालं की नाही हे त्यावरून ठरवायला गेलात तर गोंधळ होणार.

कारण टोक. मॅच प्रकारच्या पोकळ टोकाच्या बुलेटचं तोंड कारखान्यात जॅकेट, म्हणजे शिशावरचं धातूचं आवरण, ओढून मिटवलेलं असतं. भिंगाखाली धरा, कडा वेडीवाकडी दिसेल, आणि शेजारच्या बुलेटची वेगळ्याच तऱ्हेने वेडीवाकडी. उघड्या शिशाच्या टोकाची बुलेट तर डब्यात नुसती हिंदकळली तरी चपटी होते. एकाच डब्यातल्या बुलेटच्या लांबीत पाव मिलिमीटरचा फरक निघणं काही विशेष नाही.

आता डायच्या आत काय होतं ते पाहा. बुलेटला खाली ढकलणारा दांडू, म्हणजे स्टेम (वरचा स्क्रू यालाच वरखाली करतो), टोकाला टेकत नाही, टेकताही कामा नये. तो टोकाच्या खाली, बुलेटच्या निमुळत्या उतारावर कुठेतरी गोल कड्यासारखा बसतो. त्या उताराला ओजाइव्ह म्हणतात. रायफलिंगला बुलेट पहिल्यांदा भिडते तीही ओजाइव्हवरच, पण बरीच खाली, बुलेटच्या पूर्ण जाडीच्या जवळ. टोक या दोन्ही घडामोडींत कुठेच नाही. म्हणून मोजायचं ते पुंगळीच्या बुडापासून ओजाइव्हवरच्या ठरावीक जाडीपर्यंत.

यासाठी कंपॅरेटर लागतो. कॅलिपरच्या एका जबड्यावर स्क्रूने बसणारा छोटा ठोकळा, आणि त्यात बुलेटच्या व्यासापेक्षा किंचित लहान भोक असलेला इन्सर्ट. काडतुसाची बुलेट त्या भोकात जाते आणि ओजाइव्हवर जिथे अडते तिथपर्यंतची लांबी मिळते. मायक्रोमीटर डायचा विचारही करण्याआधी हे घ्या. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कंपॅरेटर आणि साधी डाय ही जोडी, महागडी डाय आणि उघडा कॅलिपर या जोडीपेक्षा केव्हाही बरी.

एक लक्षात असू द्या. दोन कंपॅरेटरच्या भोकांत आणि त्यांच्या कडांत फरक असतो, त्यामुळे तुमचा आकडा तुमच्याच कंपॅरेटरपुरता खरा. दुसऱ्याने सांगितलेला ओजाइव्हपर्यंतचा आकडा आपल्या डायवर लावू नका.

मोजमापाचं मोजमाप

साध्या डिजिटल कॅलिपरवर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दिसतो, पण त्याची अचूकता साधारण ±०.०२ मिमीच असते. आपण ज्या फरकाच्या मागे आहोत तोही जवळपास तेवढाच. म्हणून पहिली चाचणी काडतुसाची नाही, आपलीच.

एक डमी घ्या. जबडे पुसा, कंपॅरेटर लावून जबडे मिटल्यावर शून्य करा. डमी मोजा, बाजूला ठेवा, पुन्हा उचला, पुन्हा मोजा. असं दहा वेळा. मोजताना काडतूस बोटांत थोडं फिरवा म्हणजे ते भोकात सरळ बसतं, आणि जबडा अंगठ्याने दर वेळी सारख्याच हलक्या जोराने लावा. दहा आकड्यांत ०.०४ मिमीचा फरक निघाला, तर तो तुमच्या हाताचा आणि कॅलिपरचा फरक आहे, डमीचा नाही. तो आधी कमी करा. सरावाने ०.०२ मिमीच्या आत येता येतं.

बुडाकडेही लक्ष हवं. वापरलेल्या पुंगळीत जुना प्रायमर असेल आणि तो किंचित वर आला असेल, तर जबडा पुंगळीच्या बुडाऐवजी प्रायमरवर टेकतो. बुडावर छापलेल्या अक्षरांच्या कडा एक्स्ट्रॅक्टर वा इजेक्टरच्या दाबाने उचललेल्या असतील तरी तेच. बोटाने चाचपून पाहा.

तुमच्या चेंबरला किती चालतं

चेंबर म्हणजे नळीच्या मागची, काडतूस बसण्याची जागा. नवख्याने पुस्तिकेतली लांबी धरून सुरुवात केलेली सर्वांत बरी. पण ती लांबी तुमच्या रायफलमध्ये, तुम्ही निवडलेल्या बुलेटला रायफलिंगपासून किती लांब ठेवते हे माहीत हवं. लांब ओजाइव्हची बुलेट आणि बुटक्या ओजाइव्हची बुलेट, दोघींची एकूण लांबी सारखी ठेवली तरी रायफलिंगपर्यंतचं अंतर वेगळं येतं.

बोल्टच्या रायफलीत यासाठी जुना, बिनखर्चाचा उपाय म्हणजे सफाईची सळई. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा. रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद करा, पण कॉक केलेला ठेवा, नाहीतर फायरिंग पिन पुढे आलेली असेल आणि माप चुकेल. नळीच्या तोंडातून सपाट टोकाची सळई आत घालून बोल्टला अलगद टेकवा. नळीच्या तोंडाशी सळईवर चिकटपट्टी लावून कडेला बारीक खूण करा. आता बोल्ट काढा, एक सुटी बुलेट चेंबरमधून पुढे सरकवा आणि मागून पेन्सिलीने हलकेच दाबून रायफलिंगला टेकवून धरा. सळई पुन्हा घाला, बुलेटच्या टोकाला टेकल्यावर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे बुलेट रायफलिंगला टेकलेली असतानाची काडतुसाची एकूण लांबी.

हे अंतर टोकापासूनचं आहे, म्हणून तीच बुलेट जपून ठेवायची. त्याच बुलेटची तेवढ्या लांबीची डमी करायची आणि मग ती कंपॅरेटरने मोजायची. तो झाला तुमचा ‘टेकलेला’ आकडा. चार-पाच वेळा करा, कारण पेन्सिलीचा जोर जास्त झाला की बुलेट रायफलिंगमध्ये रुतते आणि माप लांब येतं. आटे पाडलेली पुंगळी आणि सळई असलेला तयार गेजही मिळतो. तो जास्त सोयीचा, पण तत्त्व तेच.

टेकलेल्या आकड्यातून ०.५ मिमी, म्हणजे वीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वजा केले की बऱ्याच जॅकेटवाल्या बुलेटसाठी सुरुवातीची जागा मिळते. अखंड तांब्याच्या बुलेटना बहुधा याहून जास्त अंतर चालतं, त्यांच्या कंपनीची शिफारस पाहा. अशी निघालेली लांबी मॅगझिनमध्ये मावत नसेल किंवा पुस्तिकेतल्या लांबीहून बरीच वेगळी असेल, तर नवख्याने पुस्तिकेचं ऐकावं. रायफलिंगला टेकवून बसवण्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. दाबाचा प्रश्न आहेच, शिवाय न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना बुलेट नळीतच अडकते, पुंगळी तेवढी हातात येते आणि पावडर बोल्टच्या खाचांत सांडते.

खरी गोम मानेत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बुलेटला धरून ठेवते ती पुंगळीची मान. मानेचा आतला व्यास बुलेटच्या व्यासापेक्षा थोडा कमी ठेवतात, साधारण एक ते तीन थाऊ. ३०८ ची बुलेट ७.८२ मिमीची, तर मान आतून ७.७७ मिमीच्या आसपास. बुलेट शिरताना मान ताणली जाते आणि तो ताण बुलेटला पकडतो.

आता दांडा ओढल्यावर जोर कुठून कुठे जातो ते बघा. रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा खांब, पुंगळीला वर ढकलतो, स्टेम बुलेटला खाली अडवतो. प्रेसची चौकट, सांधे, डायचे आटे, सगळं लोखंडी असलं तरी जोराखाली किंचित ताणतं. मान सैल असेल तर बुलेट सहज सरकते आणि ताण नगण्य राहतो. मान घट्ट असेल तर ती सरकेपर्यंत प्रेस जास्त ताणला जातो, स्टेम बुलेटच्या जॅकेटवर जास्त रुततो, आणि बुलेट एखाद-दोन थाऊ वरच राहते. डाय तीच, स्क्रू तोच, पण सैल मानेची काडतुसं आखूड आणि घट्ट मानेची लांब. सारखी खोली हवी असेल तर सारखा जोर लागला पाहिजे, आणि सारखा जोर हवा असेल तर माना सारख्या असल्या पाहिजेत.

माना वेगळ्या होतात त्या अशा.

पुंगळ्या वेगवेगळ्या कंपनीच्या असतात, किंवा एकाच कंपनीच्या पण कमीजास्त वेळा वापरलेल्या असतात. मानेच्या भिंतीची जाडी आणि पितळेचा कडकपणा, दोन्ही बदलतात. बुडावरची छाप पाहून पुंगळ्या वेगळ्या करा आणि किती वेळा भरल्या ते डब्यावर लिहा. एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटतो, आणि याला एक पैसाही लागत नाही.

पितळ प्रत्येक वेळी फुगून, पुन्हा दाबलं जाऊन कडक होत जातं. कडक मान साइझ केल्यावर, म्हणजे डायने दाबून पुन्हा मापात आणल्यावर, जास्त उसळून परत येते, म्हणून डाय तीच असली तरी आतला व्यास बदलतो. यावर उपाय अॅनिलिंग, म्हणजे मान आणि खांदा (मानेखालचा उतरता भाग) मोजका तापवून मऊ करणं. बूड कधीही तापवायचं नाही. बुडाचं पितळ मऊ झालं तर ते दाब झेलू शकत नाही आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो. नवख्याने हे कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकावं. तोवर सारख्या वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवल्या तरी पुष्कळ.

मानेच्या आतली काजळी हा वादाचा विषय. काही जण ती नायलॉनच्या ब्रशने दोन-चार वेळा फिरवून तशीच ठेवतात, कारण बारीक काजळीचा थर वंगणासारखा काम करतो. स्टीलच्या पिना घालून पाण्यात धुतलेल्या पुंगळ्या आतून लख्ख होतात, आणि मग बुलेट शिरताना कर्र आवाज येतो, जोर उगाच वाढतो. माझं मत पहिल्या बाजूचं. लख्खच हवी असेल तर मानेत कोरडं ग्रॅफाइट लावा. यातलं काहीही करा, पण सगळ्या पुंगळ्यांना तेच करा. अर्ध्या धुतलेल्या आणि अर्ध्या न धुतलेल्या असा डबा म्हणजे मोजमापाची वाट.

शेवटचं, मानेची कड. लांबी कापल्यावर आतून बाहेरून बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहते. आतून चॅम्फर मारा, म्हणजे कड तिरकी घासा, बाहेरून बर काढा. चॅम्फर कमी पडला तर कड बुलेटचं जॅकेट खरवडते; स्टेमखाली तांब्याचे बारीक कातर दिसले तर कारण हेच. बोट टेल (मागे निमुळतं होत गेलेलं बूड) नसलेल्या सपाट बुडाच्या बुलेटला चॅम्फर जरा जास्तच जपून हवा, नाहीतर ती तिरकी शिरते.

स्टेम बुलेटला शोभतो का

डायमधला स्टेम काढा. एका बुलेटच्या निमुळत्या भागाला मार्करने काळं करा, वाळू द्या, स्टेमच्या खळग्यात घालून थोडं दाबा आणि अर्धा वळसा फिरवा. काढून पाहा. शाई घासलेली रेघ टोकाच्या बरीच खाली, अखंड गोल दिसली तर स्टेम बरोबर आहे. रेघ अर्धीच दिसत असेल तर स्टेम एका बाजूला टेकतो आहे. रेघच नाही आणि टोकाची शाई मात्र गेली, तर बुलेटचं टोक खळग्याच्या तळाला लागतं आहे. टोकांमधला तो पाव मिलिमीटर फरक आता थेट तुमच्या खोलीत उतरणार. लांब, अणकुचीदार बुलेट आणि जुना स्टेम या जोडीत हे हमखास होतं. अशा बुलेटसाठी वेगळा स्टेम मिळतो, तो मागवा.

रेघ बरोबर आहे, पण तयार काडतुसाच्या बुलेटवर बोटाला जाणवेल असा खोल कडा उमटतो, असं झालं तर स्टेमची कड फार धारदार आहे किंवा मान फार घट्ट. बारीक पॉलिश पेपरने कड मोडा आणि मानेकडे पुन्हा बघा.

डाय लावायची

१. शेलहोल्डर, म्हणजे रॅमवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा, पुसून बसवा. त्याच्या खोबणीत पितळेचा एक कण असला तरी पुंगळी तिरकी उभी राहते.

२. साइझ केलेली, मापात कापलेली रिकामी पुंगळी ठेवून रॅम पूर्ण वर न्या. स्टेम वर घेतलेला असू द्या. डाय हाताने खाली फिरवा. आत क्रिंपची (पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळणारी) पायरी पुंगळीच्या तोंडाला लागल्याचं बोटांना कळतं. तिथून डाय एक पूर्ण वळसा मागे घ्या. नेहमीच्या डायचे आटे इंचाला चौदा असतात, म्हणजे एक वळसा १.८ मिमी. एवढ्याने क्रिंप चुकूनही लागत नाही. लॉक रिंग घट्ट करा.

३. डमीसाठी बुलेट ठेवा, रॅम वर न्या, स्टेम बुलेटला लागेपर्यंत खाली आणा. मग थोडं थोडं खाली घेत बसवा. हव्या आकड्याच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा आणि मोजा.

४. तिथून पुढे छोट्या टप्प्यांनी. स्क्रू नेहमी खालच्या दिशेने फिरवूनच शेवटच्या आकड्यावर यायचं. जास्त खाली गेला तर सरळ वर घेऊन थांबू नका. बराच वर घ्या आणि पुन्हा खाली या. आट्यांमधली सूट एकाच बाजूला राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्या दोन-चार काडतुसांनंतर स्टेम स्वतःच जागा बदलतो.

५. स्टेमचं लॉक नट आवळल्यावर नवी डमी करून पुन्हा मोजा. आवळताना स्टेम थोडा फिरतोच. मायक्रोमीटर डायमध्ये ही कटकट नाही, आणि तिचा खरा फायदा तोच.

डमीवर नाव, बुलेट आणि आकडा लिहून ती डायच्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी डाय लावताना ती शेलहोल्डरमध्ये ठेवून स्टेम टेकवला की जवळपास जागेवर येतो. तरी मोजायचं चुकवू नका.

दांड्यावरचा हात

बुलेट मानेवर हाताने सरळ उभी करा आणि डायमध्ये शिरेपर्यंत बोटांनी सांभाळा. मग बोटं बाजूला. सुरुवातीचा भाग हळू. बुलेट मानेत शिरते तो क्षण दांड्यावर कळतो: आधी काहीच नाही, मग एक ठोस, सलग अडथळा, आणि शेवटपर्यंत तसाच. तो सलगपणा ओळखायला शिका. एखादी बुलेट लोण्यासारखी गेली किंवा एखादी अडखळत, करकरत गेली, तर ते काडतूस वेगळ्या खोक्यात टाका, आकडा बरोबर आला तरी. त्याच्या मानेत काहीतरी वेगळं आहे.

दांडा दर वेळी शेवटपर्यंत न्या आणि तिथे क्षणभर थांबा. कधी शेवटपर्यंत, कधी जरा अलीकडे, असं झालं की बाकी सगळी मेहनत पाण्यात. काही जण अर्धवट बसवून, रॅम खाली घेऊन, काडतूस अर्धा वळसा फिरवून पुन्हा पूर्ण बसवतात. बुलेट सरळ बसायला याची मदत होते असं त्यांचं म्हणणं. करून बघायला हरकत नाही. पण करायचं तर सगळ्यांनाच.

क्रिंप हवा असेल तर तो वेगळ्या फेरीत, शक्यतो वेगळ्या डायने करा. बुलेट खाली सरकत असतानाच तोंड आवळलं तर पुंगळीच्या लांबीतला फरक खोलीवर येतो. बोल्टच्या रायफलीत, साध्या मॅगझिनला, पुरेशी पकड असलेल्या मानेला क्रिंपची गरज बहुतेक वेळा नसतेच.

आकडे काय सांगतात ते वाचा

पहिली पाच काडतुसं सगळी मोजा, मग दर पाचवं. फरक हव्या आकड्यापासून अधिक-उणे असा, बनवल्याच्या क्रमाने लिहा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण फरक किती यापेक्षा तो कसा पसरला आहे यावरून कारण सापडतं.

समजा असं आलं: ०, +०.०१, −०.०२, ०, +०.०२. ही नेहमीची किरकोळ हालचाल आहे, यात मोजण्याचा फरकही धरलेला आहे. काही करू नका.

समजा असं आलं: ०, −०.०२, −०.०३, −०.०५, −०.०७. प्रत्येक काडतूस आधीच्यापेक्षा आखूड. दोन शक्यता. लॉक नट सैल पडून स्टेम खाली येतो आहे, किंवा खळग्यात शिशाचा चुरा, तांब्याचे कातर आणि वंगण साचत चाललं आहे. साचलेला थर बुलेटला जास्त खाली ढकलतो. स्टेम काढून कापसाच्या काडीने पुसा. उघड्या शिशाच्या बुलेटबरोबर हे ठरावीक काडतुसांनंतर करायचंच काम आहे.

समजा आकडे दोन गटांत पडले, काही शून्याच्या आसपास, काही +०.०६ च्या आसपास, अधलेमधले नाहीत. पुंगळ्यांचे किंवा बुलेटचे दोन लॉट मिसळले आहेत. बुडावरच्या छापा बघा.

समजा एखादाच +०.१० निघाला आणि बाकी ठीक. दांडा अर्धवट राहिला असेल किंवा त्या मानेत घोळ असेल. पुन्हा एकदा प्रेसमध्ये घालून पूर्ण दांडा ओढा. जागेवर आलं तर तुमचा हात, नाही आलं तर मान.

आणि एक फसवा प्रकार: आज सगळे बरोबर, दुसऱ्या दिवशी सगळे थोडे लांब. पुंगळी पावडरने इतकी भरली आहे की बुलेट तिच्यावर दाबून बसते, आणि रात्रभरात पावडर तिला वर ढकलते. मानेची पकड अपुरी असेल तर हमखास. पुस्तिकेत ते माप दाबून भरण्याचं म्हणून दिलेलं आहे का, ते आधी तपासा. दिलेलं असेल तर पावडर हळूहळू, उंच फनेलमधून ओता म्हणजे ती जास्त दाट बसते.

किती फरक चालेल? लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरणारे एक थाऊ इकडे किंवा तिकडे, यावर समाधान मानतात. शिकणाऱ्याने सगळी काडतुसं मिळून ०.०५ ते ०.०८ मिमीच्या पट्ट्यात आणली तर निशाण्यावर जे दिसेल त्याची कारणं दुसरीकडे शोधावीत: पावडरचं वजन, रायफल धरण्याची पद्धत, ट्रिगर. नवखे एका थाऊसाठी आठवडा घालवतात आणि ट्रिगरवर एक दिवसही नाही.

बुलेट वर्गवारीचंही तसंच. बुडापासून ओजाइव्हपर्यंत प्रत्येक बुलेट मोजून गट पाडणारे लोक आहेत. पण स्टेम आणि कंपॅरेटर बुलेटला वेगवेगळ्या जाडीवर टेकतात, त्यामुळे आपल्याला त्रास देतो तो या दोन जागांमधल्या अंतरातला फरक, आणि तो बुडापासून मोजून कळत नाही. सुरुवातीला एवढं पुरे: एका वेळी एकाच लॉटच्या बुलेट वापरा.

जे बिघडलं त्याचं काय

लांब राहिलेलं काडतूस पुन्हा डायमध्ये जातं, प्रश्न नाही. आखूड झालेलं मात्र बुलेट थोडी वर ओढून ‘जमवू’ नका. एकदा सरकून मागे आलेल्या बुलेटभोवती मान आधीच ताणलेली असते, पकड कमी झालेली असते. बुलेट पुलरने ती पूर्ण काढा. हातोड्यासारखा पुलर असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच, आणि काडतूस त्याच्यासोबत आलेल्या पकडीतच धरायचं. पावडर कोणती ते नक्की माहीत असेल तरच परत तिच्याच डब्यात टाका, शंका असेल तर फेका. पुंगळीत जिवंत प्रायमर आहे, तेव्हा मान पुन्हा साइझ करण्याआधी डायमधली डिकॅपिंग पिन (प्रायमर ढकलून बाहेर काढणारी) काढून ठेवा.

फार आखूड झालेलं काडतूस ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून झाडू नका. किती खोल म्हणजे जास्त, हे पुंगळीच्या आकारावर आणि पावडरवर अवलंबून असतं, आणि छोट्या पुंगळीत तो फरक लवकर अंगाशी येतो.

वहीत काय लिहायचं

बुलेट आणि तिचा लॉट, पुंगळी आणि ती किती वेळा भरली, कोणत्या कंपॅरेटरने मोजलं, टेकलेला आकडा, ठेवलेला आकडा, आणि तारीख. तारीख का, तर प्रत्येक गोळीबरोबर नळीच्या सुरुवातीचं रायफलिंग जळत, झिजत पुढे सरकतं. काही शे गोळ्या झाडल्यावर सळईची चाचणी पुन्हा करा. अंतर वाढलेलं असलं म्हणून लगेच स्क्रू वर घ्यायची गरज नाही. निशाणा अजून जागेवर असेल तर जुना आकडाच राहू द्या, फक्त नोंद करा.

नवा लॉट उघडला की पहिल्या पाच बुलेट कंपॅरेटरमध्ये सुट्याच मोजून जुन्या लॉटच्या पाचांशी ताडून पाहा, मार्करची चाचणी पुन्हा करा आणि नवी डमी बनवा. ओजाइव्हचा आकार लॉट बदलताना किंचित हलतो आणि डाय आहे तशीच ठेवली तरी आकडा सरकतो. जुन्या डमीवर काट मारा, पण ती फेकू नका. तो लॉट कपाटाच्या मागे अजून अर्धा डबा शिल्लक असतो.